विश्लेषण : शिक्षक घडतो कुठे? ‘टीईटी’च्या पेपरात की वर्गातल्या ‘का?’मध्ये?

चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) : पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांना शिक्षक पात्रता परीक्षा म्हणजेच ‘टीईटी’ उत्तीर्ण व्हावीच लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ आहे, त्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत मिळाली. पाच वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती मिळणार नाही.

हा निकाल आला आणि वीस-वीस वर्षं फळ्यासमोर उभे राहिलेले शिक्षक पुन्हा अभ्यासाला बसले. नाराजी आहे, भीतीही आहे. पण त्याखाली एक जुना प्रश्न दडलेला आहे. माणूस शिक्षक होतो कशाने? डी.एड., बी.एड.च्या पदवीने, परीक्षेतल्या गुणांनी, नेमणुकीच्या आदेशाने की आणखी कशाने?

शिक्षणाचा अभ्यास करणारे याला ‘शिक्षकाची व्यावसायिक ओळख’ म्हणतात. सोप्या भाषेत, ‘मी कोण आहे आणि माझं काम काय आहे’ याचं शिक्षकाने स्वतःला दिलेलं उत्तर. हे उत्तर दोन गोष्टींतून घडतं : मुलांची काळजी आणि वर्गातला शोध. कसं ते समजून घेऊ.

चिकलठाण्यात हा प्रश्न जास्त टोकदार का?

जालना रस्त्यावरचं चिकलठाणा एकेकाळी गाव होतं. आज इथे विमानतळ आहे, एमआयडीसी आहे आणि कामगारांच्या वसाहती आहेत. मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून माणसं कामाला येतात. कंत्राट संपलं की खोली बदलते, खोली बदलली की मुलांची शाळा बदलते.

अशा भागातल्या वर्गात एका बाकावर घरी हिंदी बोलणारं मूल असू शकतं, शेजारी ‘काहून’, ‘मपलं’ म्हणणारं मूल असू शकतं आणि मागे ऊसतोडीच्या हंगामात चार-पाच महिने शाळेपासून तुटलेलं मूल. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयानुरूप वर्गातच बसवायचं. म्हणजे मूल कुठवर शिकलंय हे कागदावरून कळेलच असं नाही. ते शिक्षकालाच शोधावं लागतं.

इथे ‘धडा शिकवून झाला’ एवढ्यावर भागत नाही. धडा कोणापर्यंत पोहोचला आणि कोणापर्यंत नाही, हे पाहावं लागतं. कायद्याच्या कलम २४ मध्येही हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे : प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहायची आणि गरज असेल तिथे जादा शिकवायचं.

काळजी म्हणजे लाड नव्हे

‘काळजी’ म्हटलं की डोळ्यांसमोर प्रेमळ बाई येतात. पण अमेरिकेतल्या तत्त्वचिंतक नेल नॉडिंग्ज यांनी १९८४ मध्ये काळजीवरच्या आपल्या पुस्तकात एक नेमकी गोष्ट मांडली. नॉडिंग्ज स्वतः आधी शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या मते काळजी हा स्वभावाचा गुण नसून ते एक नातं आहे. शिक्षकाला कितीही माया वाटली, तरी ती मुलापर्यंत पोहोचल्याशिवाय काळजी पूर्ण होत नाही.

याचा अर्थ असा की ‘मी तुमच्या भल्यासाठीच ओरडतो’ हे शिक्षकाचं म्हणणं खरं असेलही, पण मुलाला ते फक्त ओरडणंच वाटत असेल तर ती काळजी ठरत नाही. ती पोहोचली की नाही हे मुलाकडे बघूनच कळतं. काळजी शिक्षकाला निरीक्षण करायला लावते ती अशी.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. १८४८ मध्ये पुण्यातल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा सावित्रीबाई फुले शेण-चिखलाचा मारा सोसत शिकवायला जात होत्या. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षक कसा असावा, यावर त्यांचं स्पष्ट मत आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, लोकांत मिसळणारा असावा, त्यांच्या गरजा ओळखणारा असावा आणि वेळ पडली तर नांगर किंवा सुताराचा वाकस हातात धरायला लाजणारा नसावा. शिवाय तो प्रशिक्षित असावा आणि त्याला महिना किमान १२ रुपये पगार मिळावा, अशीही त्यांची मागणी होती.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या या निवेदनात तीन गोष्टी एकत्र आहेत : मुलांच्या घराची जाण, शिकवण्याचं कौशल्य आणि योग्य मोबदला. आजच्या चर्चेत त्या तुटक तुटक ऐकू येतात. कोणी फक्त सेवाभावावर बोलतं, कोणी फक्त पात्रतेवर, कोणी फक्त वेतनावर.

वर्गातला शोध म्हणजे काय? एक वजाबाकी पाहा

समजा, तिसरीतल्या मुलाने ५२ वजा ३८ हे गणित सोडवलं आणि उत्तर लिहिलं २६. बरोबर उत्तर १४.

शिक्षक लाल पेनाने फुली मारून पुढे जाऊ शकतो. किंवा ‘लक्ष नाही तुझं’ म्हणू शकतो. तिसरा मार्ग म्हणजे त्याच मुलाची आणखी दोन गणितं पाहणं. ७१ वजा ४५, उत्तर लिहिलंय ३४. ६३ वजा २७, उत्तर ४४.

आता चित्र दिसायला लागतं. मूल निष्काळजी नाही. ते एक नियम काटेकोरपणे पाळतंय : प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा. २ मधून ८ जात नाहीत, मग ८ मधून २ काढायचे. नियम चुकीचा आहे, पण तो मुलाने स्वतः शोधलेला आहे आणि सगळीकडे सारखाच लावलेला आहे.

एकदा हे कळलं की उपायही बदलतो. आणखी वीस गणितं घालून काही होणार नाही, कारण मूल तोच नियम वीस वेळा वापरेल. त्याऐवजी काड्यांचे गठ्ठे हातात द्यावे लागतील. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. यातून अडतीस काढून दाखव. एक गठ्ठा सोडल्याशिवाय जमत नाही, हे मुलाच्या हातालाच कळतं. बारा सुट्यांमधून आठ गेल्या, चार उरल्या. चार गठ्ठ्यांमधून तीन गेले, एक उरला. चौदा.

या सगळ्यात शिक्षकाचंही काहीतरी बदललं. ‘हे मूल कच्चं आहे’ या वाक्याच्या जागी ‘हे मूल असा विचार करतंय’ हे वाक्य आलं. पहिल्या वाक्यात शिक्षक निकाल देणारा आहे, दुसऱ्यात तो शोध घेणारा आहे. व्यावसायिक ओळख बदलते ती अशी, एका वहीच्या पानावर.

याला ‘कृती संशोधन’ म्हणतात

डी.एड., बी.एड. केलेल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत आहे. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ही कल्पना मांडली. स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळांसाठी मांडली. पुढे १९७५ मध्ये ब्रिटनचे लॉरेन्स स्टेनहाऊस यांनी ‘शिक्षक हाच संशोधक’ हा विचार पुढे नेला. वर्गात काय घडतंय हे बाहेरून आलेल्या तज्ज्ञापेक्षा रोज तिथे उभ्या असलेल्या माणसाला जास्त चांगलं तपासता येतं, हा त्यामागचा मुद्दा.

पायऱ्या सोप्या आहेत :

- एक छोटी, नेमकी अडचण निवडा. ‘वाचन कच्चं आहे’ ही नेमकी अडचण नाही, ‘सहा मुलं जोडाक्षरापाशी थांबतात’ ही आहे.
- पुरावा गोळा करा : वह्या, मुलांशी बोलणं, नोंदी.
- कारणाचा अंदाज बांधा आणि एक बदल करून बघा.
- काही आठवड्यांनी पुन्हा तपासा. फरक पडला नसेल तर तेही लिहा.
- सहकाऱ्यांसमोर मांडा.

अडचण अशी की अनेकांसाठी कृती संशोधन म्हणजे पदवीसाठी जमा करायची एक फाइल. गेल्या वर्षीच्या फाइलवरून यंदाची तयार होते आणि निष्कर्ष नेहमी ‘प्रगती झाली’ असाच निघतो. ज्या शोधात अपयशाला जागाच नाही, तो शोध उरत नाही.

महाराष्ट्रात हे प्रत्यक्षात कुठे घडलं?

फलटण : भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. फलटणमधल्या लोकांच्या बोलण्यातले सामाजिक भेद हा त्यांच्या पीएचडीचा विषय. तिथेच राहताना त्यांना दिसलं की वस्तीतली काही मुलं शाळेत जाऊनही वाचू शकत नाहीत. त्यांनी मुलांना जवळ बसवून शिकवायला सुरुवात केली. मुलांच्या तोंडची भाषा चुकीची न मानता तिच्यापासून सुरुवात करायची आणि थोडी अक्षरं येताच त्यांतून अर्थपूर्ण शब्द वाचायला द्यायचे, अशी वाचनाची पद्धत त्यातून उभी राहिली. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू झाली. सुरुवात काळजीतून झाली आणि तिला पद्धतीचं रूप शोधातून आलं.

बोर्डी आणि कोसबाड : ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती. ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असं म्हणून मोकळं होता आलं असतं. या दोघींनी मुलं दिवसभर काय करतात ते पाहिलं. धाकट्या भावंडांना सांभाळणं आणि गुरं राखणं, ही त्यांची कामं होती. मग शाळाच मुलांकडे गेली. वस्तीच्या अंगणात अंगणवाडी आणि चराईच्या जागी कुरणशाळा. आज देशभर वापरला जाणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द याच कामातून रुजला.

कोल्हापूर : लीलाताई पाटील यांनी शिक्षक-प्रशिक्षणातल्या कामानंतर १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षकांनी आपल्या कामाबद्दल लिहायचं, त्यावर एकमेकांशी बोलायचं, याला तिथे मोठं स्थान मिळालं. वर्गातला अनुभव लिहून काढला की तो तपासता येतो, नाहीतर तो नुसता आठवणीत राहतो.

सातारा : कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी फरशीवरची आखणी, हाताळायचं साहित्य आणि गटकामातून शिकण्याची पद्धत बसवली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५ रोजी राज्य सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाचा शासन निर्णय काढला, तेव्हा या प्रयोगाची मोठी चर्चा होती. पण यातून एक धडाही मिळाला. अनेक शाळांत फरश्या रंगल्या, मात्र ‘आपल्या मुलांना याची गरज आहे का?’ हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी विचारला गेला नाही. दुसऱ्याचं उत्तर उचलून आणता येतं, पण त्यामागचा शोध प्रत्येक शिक्षकाला स्वतःच घ्यावा लागतो.

‘पंचवीस’ की ‘वीस पाच’? वाद आठवतोय?

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची ‘वीस पाच’ अशी पद्धत आली आणि राज्यभर वाद पेटला. समाजमाध्यमांवर विनोद झाले, विधिमंडळातही थट्टा झाली.

गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं मुलांच्या अडचणीवर उभं होतं. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहिताना दोन आधी येतात. त्यात ‘त्रेसष्ट’, ‘अठ्ठ्याहत्तर’ यांसारखे जोडाक्षरांचे शब्द. घरी मराठी नसलेल्या मुलाला हे आणखी जड जातं. नवी पद्धत जुनीच्या जोडीला होती, जुने शब्द काढून टाकलेले नव्हते.

पद्धत पटो वा न पटो, त्यामागचा प्रश्न अस्सल वर्गातला होता : मूल २५ ऐवजी ५२ का लिहितं? चर्चा मात्र भाषेच्या अस्मितेवर गेली. अशा वेळी शिक्षकाकडे स्वतःच्या वर्गातली नोंद असेल, तर तो ‘मला वाटतं’च्या पुढे जाऊन ‘मी हे पाहिलंय’ असं म्हणू शकतो. या एका वाक्यात त्याच्या व्यवसायाची किंमत आहे.

मग आड काय येतं?

वेळ : शोधाला वेळ लागतो आणि तोच शिक्षकाकडे नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत. मतदार याद्यांचं काम सुट्टीच्या आणि शिकवणं नसलेल्या दिवशीच द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये म्हटलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची विभागणीही केली. तरीही ऑनलाइन माहिती, अहवाल, फोटो, ॲप यांचा ओघ थांबत नाही आणि ‘आम्हाला शिकवू द्या’ ही मागणी शिक्षकांना करावी लागते. ज्याचा दिवस माहिती भरण्यात जातो, तो स्वतःला हळूहळू कारकून समजायला लागतो. ओळख अशीही घडते.

मोबदला : नव्याने नेमलेला शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षणसेवक’ असतो. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचं मानधन अनेक वर्षं महिना ६ हजार रुपये होतं, २०२३ मध्ये ते १६ हजार झालं. ‘सेवक’ आणि ‘मानधन’ हे दोन शब्द नव्या शिक्षकाला त्याची जागा कुठे आहे ते सांगून जातात.

एकटेपणा : केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा होतात. पण तिथे सूचनाच वाचल्या गेल्या आणि कोणाच्या वर्गात काय फसलं हे कोणी बोललंच नाही, तर शोध एकेका शिक्षकापुरता राहतो आणि त्याच्या बदलीबरोबर संपतो.

काळजीचीही किंमत असते

दुसरी बाजूही पाहायला हवी. ‘चांगला शिक्षक स्वतःच्या खिशातून खर्च करतो, रात्री-बेरात्री पालकांचे फोन घेतो, सुट्टीतही येतो’ अशा कौतुकाच्या बातम्या सगळेच वाचतात. पण काळजी हा नियमच करून टाकला की व्यवस्थेची जबाबदारी शिक्षकाच्या मनावर येऊन पडते. उपाशी मुलासाठी पोषण आहार नीट मिळायला हवा, गळकं छत महापालिकेने किंवा जिल्हा परिषदेने दुरुस्त करायला हवं. त्याची भरपाई एका बाईंच्या किंवा सरांच्या चांगुलपणातून करत राहिलं, तर त्या थकणारच.

काळजीला शोधाची जोड इथेही कामी येते. ‘या मुलाचं सगळं मलाच करायचंय’ असं वाटणं आणि ‘या मुलाला नेमकं काय अडतंय, त्यातलं माझ्या हातात काय आहे आणि बाकीचं कोणाकडे मागायचं’ हे ठरवणं, यात फरक आहे. पहिल्यातून दमणूक येते, दुसऱ्यातून काम पुढे सरकतं.

उलटही खरं आहे. शोध असेल आणि काळजी नसेल, तर मूल एक आकडा होतं. चाचणी घेतली, स्तर ठरवला, रकाना भरला. ‘अमुक मूल शून्य स्तरावर’ असं एकदा लिहिलं गेलं की त्याच्याकडून अपेक्षाच संपते.

परीक्षेचं काय मग?

टीईटी निरुपयोगी आहे, असं नाही. किमान विषयज्ञान आणि बालमानसशास्त्राची माहिती शिक्षकाकडे असायलाच हवी, आणि ती तपासण्यात गैर काही नाही. पण १५० बहुपर्यायी प्रश्नांत ‘मुलाने २६ हे उत्तर का लिहिलं?’ हे प्रत्यक्ष मुलाशेजारी बसून शोधता येतं की नाही, ते कळत नाही. परीक्षा ‘प्रवेशाची पात्रता’ सांगते. त्यापुढची वाढ वर्गातच होते.

देशाच्या धोरणांनीही हे मान्य केलेलं आहे. शिक्षक शिक्षणाचा २००९ चा राष्ट्रीय आराखडा ‘व्यावसायिक आणि माणूसपण असलेला शिक्षक’ घडवण्याची भाषा करतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दर वर्षी किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. हे ५० तास सभागृहात बसून सादरीकरणं पाहण्यात जातात की स्वतःच्या वर्गातल्या वह्या घेऊन सहकाऱ्यांशी बोलण्यात, यावर त्यांचा उपयोग ठरेल.

पालक म्हणून काय करता येईल?

- शिक्षकांना भेटल्यावर ‘किती मार्क पडले?’ याआधी ‘कुठे अडतंय?’ हे विचारा.
- घरची परिस्थिती सांगा : शिफ्ट बदलली, गावाला जाणं आहे, खोली बदलणार आहे. ही माहिती शिक्षकासाठी मोलाची असते.
- मुलाची चुकलेली उत्तरं खोडायला लावू नका. ती शिक्षकाला दिसू द्या.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेला जा. तिथे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असायला हवेत, असा कायदा आहे. शिक्षकांचा वेळ कुठे जातो हे तिथे विचारता येतं.
- मारणं आणि मानसिक त्रास देणं याला कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. ‘सर, मारा पण शिकवा’ असं म्हणू नका.

एमआयडीसीतला कामगार सहा महिन्यांनी दुसरीकडे जाईल, त्याचं मूलही जाईल. त्या सहा महिन्यांत कोणीतरी त्याच्या वहीतल्या २६ कडे थांबून पाहिलं का, एवढ्यावर त्या मुलाचं पुढचं गणित अवलंबून असू शकतं. आणि ज्याने पाहिलं, त्याला आपण शिक्षक आहोत का, हे दुसऱ्या कोणाला विचारावं लागत नाही.